लावणीयंत्र खळ्यात उचलतं, चिखलात बुडतं: हायड्रॉलिकचा दोष शोधायचा कसा?

भातखाचर | 6 जुलै, रात्री 9:50

मंडळी, घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

गाव कुडाळ तालुक्यात. आमच्या गटाकडे चार ओळींचं, मागून चालत धरायचं भात लावणीयंत्र आहे. त्याचा हा तिसरा पावसाळा. तरवा (लावणीची रोपं) चटईवर टाकलाय, आज अठरा दिवस झाले, तिसरं पान सुटलंय. आणखी आठवडा गेला तर रोपं यंत्राच्या कामाची राहणार नाहीत.

खळ्यात इंजिन चालू करून लिव्हर 'वर' केला की यंत्र झकास उठतं. 'खाली' केला की बसतं. पण कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात उतरून लावणी सुरू केली की दहा-बारा पावलं नीट जातं आणि मग खाली खाली रुतत जातं. फ्लोटच्या (यंत्राखाली चिखलावर घसरणाऱ्या फळीच्या) पुढे चिखलाची मेर उभी राहते, रोपं चार बोटं खोल जातात. लिव्हर 'वर' मारला की लगेच उठतं. पुन्हा लावणीवर टाकलं की तेच. एकदा तर उलटंच झालं. आपोआप वर उचललं गेलं, खाली यायचं नाव नाही आणि ओळभर रोपं पाण्यावर तरंगत राहिली.

बाजारातल्या मिस्त्रीने न बघताच फोनवर सांगितलं, "पंप गेला. मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धर."

खरंच पंप असेल का? कुणाला अनुभव?

गजालीवालो | 6 जुलै, रात्री 10:02

माका वाटता आत खेकडो शिरलो असतलो. पयलो तो बघ.

काजूबी | 6 जुलै, रात्री 10:10

तेल बघितलंत का? पातळी आणि रंग. ताकासारखं पांढरट दिसत असेल तर पाणी शिरलंय. आमच्याकडे यंत्र मांगराबाहेर (शेतातल्या खोपीबाहेर) ताडपत्रीखाली ठेवलं होतं, तेव्हा झालं होतं.

रोहेकर | 6 जुलै, रात्री 10:31

मी तर म्हणतो यंत्राचा नादच सोडा. आमच्या खाचरांत ते वळवायलाच अर्धा वेळ जातो आणि कोपरे शेवटी माणसांनीच लावायचे. त्यापेक्षा सगुणा भात तंत्र बघा. नेरळकडून सुरू झालंय, आमच्या रायगडात बरेच जण करतात. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून दाणे टोकायचे. चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणजे हायड्रॉलिकही नाही.

भातखाचर | 6 जुलै, रात्री 10:40

@काजूबी, तेल बघितलं. पातळी बरोबर आहे, रंगही स्वच्छ.
@रोहेकर, पुढच्या वर्षी बोलू. आत्ता एकशे साठ चटया खळ्यात उभ्या आहेत, त्यांचं काय लोणचं घालू?

मिस्त्री_चिपळूण | 6 जुलै, रात्री 11:15

पंप गेलेला नाही. तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे.

लिव्हरने यंत्र उठतं ना? तेही चिखलात, रोपांच्या वजनासकट? मग पंप तेल ढकलतोय, सिलिंडर ते झेलतोय, नळी कुठे फुटलेली नाही. ताकद जागेवर आहे. बिघाड हुकमात आहे. हे दोन आधी वेगळे करायचे, मगच पाना हातात घ्यायचा. आमच्या धंद्यात अर्धे पंप विनाकारण बदलले जातात ते ह्याच गोंधळापायी.

या यंत्रात व्हॉल्व्हला हुकूम देणारे दोन आहेत. एक तुम्ही, लिव्हरने. दुसरा मधला फ्लोट. तो चिखलाच्या पृष्ठावर घसरत जातो. यंत्र खोल जायला लागलं की चिखल त्याचं नाक वर ढकलतो, ती हालचाल दांडी-वायरीने व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि तेल सिलिंडरमध्ये जातं. चाकं खाली ढकलली जातात, म्हणून यंत्राचं धड वर येतं. फ्लोटचं नाक खाली आलं की उलट. हे सतत आपोआप चालू असतं. आपल्याला दिसतं ते फक्त यंत्र सरळ चाललंय एवढंच.

तुमचा हुकूम पोचतोय, फ्लोटचा पोचत नाही. किंवा उशिरा पोचतोय, आणि पोचला की परत फिरत नाही. ते 'आपोआप वर गेलं, खाली येईना' हे त्याचंच दुसरं टोक.

उद्या हे करा. सपाट खळ्यात, लावणीचा क्लच बंद, इंजिन हळू. लिव्हर 'खाली'वर ठेवा, यंत्र फ्लोटवर टेकू द्या. आता दुसऱ्या माणसाने समोरून मधल्या फ्लोटचं नाक हाताने वर उचलायचं. दोनेक बोटं उचलताच धड वर यायला हवं, सोडलं की खाली बसायला हवं. लावणीच्या बोटांजवळ (रोपं उचलून मातीत खुपसणारे यंत्राचे आकडे) हात नेऊ नका. आणि धडाखाली वाकायचं असेल तर इंजिन बंद करून आधी लाकडाचा ओंडका लावा. नुसत्या तेलाच्या भरवशावर त्याच्याखाली जायचं नाही.

गजालीवालो | 6 जुलै, रात्री 11:20

म्हणजे खेकडो न्हय?

मिस्त्री_चिपळूण | 6 जुलै, रात्री 11:22

असूही शकतो. फ्लोटच्या बिजागरीत मी एकदा नारळाची करवंटी काढली आहे.

सुरंगी | 7 जुलै, सकाळी 6:35

पुरुष मंडळींची रात्रभर वायरी-व्हॉल्व्हची चर्चा वाचली. एक विचारू? चटया कुणी केल्यात आणि कशा केल्यात?

आमच्या बचत गटाने चार वर्षं चटया पुरवल्या, म्हणून विचारते. रोपं तरंगली की सगळे यंत्राला शिव्या देतात. पण चटई ओली गिच्च असेल तर ती ताटावर घडी पडून बसते, कोरडी असेल तर खाली सरकतच नाही, आणि बी विरळ पडलं असेल तर यंत्राचं बोट रिकामं जातं. ह्यातलं काहीही हायड्रॉलिक नव्हे. माती चाळून घेतली होती का? आपल्या जांभ्याच्या मातीतला चण्याएवढा खडा त्या बोटात अडकला की सुरक्षा क्लच 'कट कट' वाजतो आणि ती ओळ बंद.

चटई आदल्या संध्याकाळपासून पाणी न देता ठेवा. उचलून गुंडाळी करता आली पाहिजे, गोधडीसारखी. तुटली तर मुळं अजून गुंतलेली नाहीत.

भातखाचर | 7 जुलै, सकाळी 7:10

@सुरंगी ताई, चटया आईने आणि काकीने केल्यात, मी फक्त ट्रे उचलायला होतो. गुंडाळी होते, बघितली. खडे नाहीत, आईने पिठासारखी माती चाळली आहे. रोपं तुटून नाही, पूर्ण जुडी तरंगत होती, म्हणजे यंत्राने सोडली पण मातीत रोवली नाही.

मिस्त्री, तुमचा प्रयोग दुपारी करतो. सकाळपासून नुसतं कोसळतंय.

आयोवाचो_बाबलो | 7 जुलै, सकाळी 8:05

आमच्याकडे रात्र आहे, झोप येत नव्हती म्हणून धागा उघडला आणि घरची आठवण झाली. मी मूळचा आचऱ्याचा. इथे अमेरिकेत, आयोवात शेती अवजारांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. लावणीयंत्र मी हातात धरलेलं नाही, पण मिस्त्रींनी सांगितलेलं 'ताकद वेगळी, हुकूम वेगळा' इथल्या मक्याच्या पेरणीयंत्रालाही शब्दशः लागू पडतं, म्हणून लिहितो.

इथे बारा ओळींचं पेरणीयंत्र असतं. जुन्यात बियाण्याच्या चकत्या जमिनीवरच्या चाकावरून साखळीने फिरायच्या. नव्यात हायड्रॉलिक मोटार ते करते. ट्रॅक्टरचं तेल व्हॉल्व्हमधून मोटारीत जातं, मोटार दांडा फिरवते, दांडा चकत्या फिरवतो. किती तेल सोडायचं ते वीज ठरवते. व्हॉल्व्हवरच्या तारेच्या गुंडाळीला (कॉइलला) सेकंदात अनेकदा चालू-बंद असे झटके मिळतात, चालूचा काळ लांबला की तेल जास्त. दांड्यावरचा सेन्सर फेरे मोजून नियंत्रकाला कळवतो, नियंत्रक ट्रॅक्टरच्या वेगाशी ताळा करतो आणि झटके कमी-जास्त करतो. वेग फार नसतो बरं का. एकरी 34000 दाणे, ओळींत 30 इंच, ताशी 5 मैल असा हिशेब केला तर एका ओळीत सेकंदाला चौदाएक दाणे पडतात. चकतीला 30 भोकं, म्हणजे मिनिटाला जेमतेम 28-29 फेरे. आमच्या आजीचं जातं याहून जोरात फिरायचं.

गेल्या मे महिन्यात एका शेतकऱ्याचा फोन. तीन मोटारींपैकी मधली बंद, पडद्यावर शून्य. तोही म्हणाला, "मोटार गेली." मोटार महाग असते, म्हणून आधी व्हॉल्व्हवरचा हाताने उघडायचा स्क्रू फिरवला. वीज नाही, संगणक नाही, फक्त तेल. दांडा गरगर फिरला. म्हणजे पंप, नळ्या, मोटार सगळं शाबूत. मग मधल्या आणि डाव्या गुंडाळीच्या तारांची अदलाबदल केली. आता डावी मोटार बंद आणि मधली चालू! म्हणजे गुंडाळीही ठीक, दोष वरून येणाऱ्या तारेत. तार धरून मागे मागे गेलो, तर चौकटीच्या पोकळ पाईपात उंदराचं घर. हिवाळाभर यंत्र गोदामात उभं होतं. दोन तारा कुरतडलेल्या. मोटारीचे पैसे वाचले, तारेचे काय ते पाच-दहा डॉलर.

गजालीवालो | 7 जुलै, सकाळी 8:20

बघलास? थंय उंदीर, हंय खेकडो. मी काय चुकीचा नाय बोललंय.

मिस्त्री_चिपळूण | 7 जुलै, सकाळी 8:55

@आयोवाचो_बाबलो, वा! अदलाबदल करून बघणं हे सोन्याचं हत्यार आहे. मीटर नसला तरी चालतं. एक विचारतो, पडदा बरोबर आकडा दाखवतोय पण शेतात पीक निम्मंच उगवलं, असं होतं का?

आयोवाचो_बाबलो | 7 जुलै, सकाळी 9:30

होतं, आणि तेच सगळ्यांत वाईट. सेन्सर एका फेऱ्यात किती ठोके देतो तो आकडा नियंत्रकात भरावा लागतो. समजा सेन्सर 360 ठोके देतोय आणि कुणी 180 भरले. दांडा अर्धाच फिरला तरी नियंत्रकाला वाटतं पूर्ण फेरा झाला. तो खुशीत मोटार निम्म्यावर आणतो आणि पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार. म्हणून पहिल्या पन्नास पावलांनंतर खाली उतरायचं, सुरीने माती उकरायची आणि दाणे मोजायचे. पडद्यावर विश्वास नंतर.

आणखी दोन गोष्टी. थंड तेलावर सकाळी जुळणी केली की दुपारी तेल तापून पातळ होतं आणि दांडा एकदा जोरात, एकदा हळू असा हेलकावे खातो. जुळणी नेहमी तेल गरम झाल्यावर. आणि मोटारीची जी बारीक गळतीची नळी असते ती टाकीकडे मोकळी जायला हवी. एकाने ती नेहमीच्या परतीच्या जोडाला लावली. मागून दाब आला आणि दांड्याचं सील बाहेर. सील बदललं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी आम्हाला नळी दिसली. कान पकडले.

अलिबागचा_कांदा | 7 जुलै, सकाळी 11:05

छान माहिती, पण एक शंका. इकडे 30 सेंटिमीटरवर ओळी पडतात. आमच्या बाबांनी पहिल्यांदा यंत्राची लावणी बघितली आणि म्हणाले, "ओळीतून बैल जाईल, भात कुठाय?" उत्पन्न कमी नाही का येत?

सुरंगी | 7 जुलै, सकाळी 11:40

आमच्या सासऱ्यांचंही तेच. पहिले पंधरा दिवस खाचर टकलं दिसतं खरं. 30 बाय 15 वर लावलं तर चौरस मीटरला बावीसच चूड (रोपांच्या जुड्या) बसतात. पण कोवळं रोप आणि मोकळी जागा, फुटवे भरपूर येतात. महिन्याने ओळी शोधाव्या लागतात. मात्र उशिरा, पंचवीस-तीस दिवसांची रोपं यंत्राने लावाल तर बाबा बरोबर ठरतील.

रोहेकर | 7 जुलै, दुपारी 12:15

म्हणूनच म्हणतो, गादीवाफे करा.

भातखाचर | 7 जुलै, दुपारी 4:45

मिस्त्री, तुमच्या पायाचे ठसे घेऊन देव्हाऱ्यात ठेवतो.

प्रयोग केला. भावाने फ्लोटचं नाक दोन बोटं उचललं, काही नाही. चार बोटं, काही नाही. जवळजवळ वीत वर नेल्यावर यंत्र एकदम झटक्यात उठलं. सोडल्यावर फ्लोट खाली आला, पण यंत्र वरच! मी वायरीच्या कव्हरवर थापट मारली तेव्हा धपकन बसलं.

मग वायर उघडली. फ्लोटच्या दांडीपासून व्हॉल्व्हकडे जाणारी वायर कंपनीची नाहीच. गेल्या वर्षी तुटली तेव्हा दुरुस्तीला नेली होती, तिथे सायकलच्या ब्रेकची वायर टाकून दिलीय. टोकाला शिशाची गोळी, तीही घासलेली. वायर बोटाने हलवली तर मोकळा खेळ माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. कव्हराच्या खालच्या टोकातून लाल गंजाचं पाणी ठिबकलं, नाकाला लोखंडाचा वास. आणि बिजागरीच्या मागे गेल्या वर्षीचा चिखल विटेसारखा कडक.

खेकडा नाही निघाला, @गजालीवालो. एक गोगलगाय होती.

गजालीवालो | 7 जुलै, दुपारी 4:52

खेकड्याची चुलत बहीण.

मिस्त्री_चिपळूण | 7 जुलै, दुपारी 5:20

ठसे नकोत, थोडे तांदूळ द्या.

ब्रेकची वायर ताणली जाते, त्यातून हा खेळ. खेळ आहे तोवर फ्लोट ओरडतोय आणि व्हॉल्व्हला ऐकूच येत नाही, तेवढ्यात यंत्र चार बोटं खोल. आणि गंजामुळे वायर परत येत नाही, म्हणून वरच राहतं. दोन्ही लक्षणं एकाच वायरीची.

योग्य जाडीची वायर कव्हरासकट बदला. मग नटाने ताण लावा, पण अगदी गच्च नको. गच्च केलीत तर व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा राहील आणि यंत्र वरवर लावत जाईल. किंचित खेळ हवा, एक-दोन मिलिमीटर. शेवटचा निकाल हाताने फ्लोट उचलूनच.

मिरकरवाडा | 7 जुलै, संध्याकाळी 6:40

भातातलं मला शष्प कळत नाही, मी ट्रॉलरवाला. पण गंजलेल्या केबलीत माझं आयुष्य गेलंय.

नवी केबल मिळेपर्यंत जुनी चालवायची असेल तर ती काढून उभी टांगा. वरच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी रबराने गच्च बांधून तिचं नसराळं करा, त्यात थोडं डिझेल ओता. लाल पाणी जाऊन खालून स्वच्छ निघालं की मग पातळ तेल. रात्रभर टांगलेली राहू दे. सकाळी आतली वायर पुढे-मागे करा, लोण्यासारखी चालायला हवी. अडकत असेल तर फेकून द्या, तिच्यावर माया करू नका.

खोबरेल तेल कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. थंडीत गोठतं.

काजूबी | 7 जुलै, संध्याकाळी 6:58

मी आत्ता तेच लिहिणार होतो. पुसलं.

आयोवाचो_बाबलो | 7 जुलै, संध्याकाळी 7:30

सकाळी उठून पहिला हाच धागा उघडला. म्हणजे तुमचा फ्लोट हा सेन्सर, वायर ही तार, आणि उंदराचं काम दुरुस्तीवाल्याने केलं. पंप मागवला नाहीत ना?

भातखाचर | 7 जुलै, रात्री 8:10

नाही. मागवणार होतो, धाग्यामुळे थांबलो. केबल आज रात्री मांगरात टांगली आहे, पिशवी दुधाची. आई विचारते, हे काय श्राद्ध घातलंस?

भातखाचर | 10 जुलै, रात्री 9:15

उशिरा लिहितोय, तीन दिवस चिखलात होतो.

नवी केबल काल सकाळी आणली. जुनी धुऊन एक दिवस चालली, पण शेवटी अडकलीच, @मिरकरवाडा यांचं खरं निघालं. नवीवर फ्लोट दोन बोटं उचलला की यंत्र उठतं, सोडला की बसतं. खालचे दोन कुणगे सुंदर लागले. रोपं दोन-अडीच सेंटिमीटरवर, बोट घालून मोजली, बाबलोंनी सांगितल्यासारखी.

पण वरच्या कुणग्यात पुन्हा थोडं रुतलं! फ्लोट ठीक, केबल ठीक. मग काय?

सुरंगी | 10 जुलै, रात्री 9:40

चिखलणी कधी केलीत?

भातखाचर | 10 जुलै, रात्री 9:44

त्याच सकाळी. पॉवर टिलर दुपारी दुसऱ्याला द्यायचा होता.

सुरंगी | 10 जुलै, रात्री 10:05

मग यंत्राचा काय दोष? माणसाने लावायचं तर चिखलणी झाली, गुटा (चिखल सपाट करायची फळी) फिरला की लगेच उतरायचं. चिखल जितका मऊ तितकं बोटांना बरं. यंत्राला तो निवळू द्यावा लागतो. लोण्यासारख्या चिखलात फ्लोटला टेकायला काही नसतंच, तो नाक वर कशाने करील?

काठीने चिखलात रेघ ओढून बघा. लगेच मिटली तर थांबा. हळूहळू मिटत असेल तर उतरा. तशीच राहिली तर उशीर झाला. आमच्या मातीत एक दिवस पुरतो, गाळाच्या मळ्यात दोन लागतात. पाणी बोटाच्या पेराएवढंच ठेवा, जास्त असेल तर फ्लोटची लाट शेजारच्या ओळीतली रोपं उचलते.

मिस्त्री_चिपळूण | 10 जुलै, रात्री 10:20

ताईंचं शंभर टक्के बरोबर, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मऊ-कडक जमिनीसाठी फ्लोटची संवेदना बदलायचा एक छोटा लिव्हर असतो, तो मऊ बाजूला घ्या, थोडा फरक पडेल. पण रेघेची परीक्षा आधी.

रोहेकर | 10 जुलै, रात्री 10:31

चिखलणीच नको, हे मी 6 तारखेपासून सांगतोय.

भातखाचर | 10 जुलै, रात्री 10:36

@रोहेकर, दिवाळीनंतर तुमच्याकडे येतो गादीवाफे बघायला, खरंच. वरचा कुणगा परवा रेघ ओढून लावतो. चाळीस चटया उरल्यात.

गजालीवालो | 10 जुलै, रात्री 10:50

चाळीस उरल्यात तर माका दी. माझो तरवो गोगलगायींनी खाल्ल्यानी. यंत्र रविवारी मोकळा आसा काय? पेट्रोल माझा, जेवण माझा. खेकड्याचा सार करतंय.